‘की’चे कूळ : सारख्या दिसणाऱ्या अल्पाक्षरी शब्दांचा तौलनिक विचार

दोन भाषांमधील शब्दसाम्याचा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे अभ्यासकाचे लक्ष प्रथम नामांकडे आणि धातूंकडे जाते. संस्कृत ‘पितृ’ आणि लॅटिन ‘पातेर’, संस्कृत ‘अस्ति’ आणि लॅटिन ‘एस्त’ ही उदाहरणे तौलनिक भाषाविचाराच्या पहिल्या पाठात येतात. ‘की’, ‘च’, ‘पण’, ‘व’, ‘ही’ यांसारखे एका-दोन अक्षरांचे शब्द मात्र सहसा मागे राहतात. त्यांना व्याकरणाच्या शेवटच्या प्रकरणात जागा मिळते आणि कोशात चार-दोन ओळी. यास्काने निपातांचे जे वर्ग केले त्यांत पदपूरणार्थ येणाऱ्या निपातांचा एक वर्ग आहे. पुढील काळात जणू सगळीच अव्यये त्या वर्गात ढकलली गेली, असे वाटावे इतकी त्यांची उपेक्षा झाली आहे.

ही उपेक्षा निरुपद्रवी असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु साहित्याच्या तौलनिक अभ्यासात याच शब्दांवर पुष्कळदा मोठा भार टाकला जातो. एखाद्या जुन्या ग्रंथातील वाक्यरचनेवर फारसीचा प्रभाव आहे की नाही, एखादी ओवी मूळ पाठातील आहे की मागाहून घातलेली, एका भारतीय भाषेतील वाक्य दुसरीत नेताना कोणते अव्यय योजावे, अशा निर्णयांत ‘हा शब्द त्या शब्दासारखाच दिसतो’ एवढ्या आधारावर काम भागवले जाते. हा आधार किती कच्चा आहे, हे ‘की’ या एकाच शब्दाच्या इतिहासावरून स्पष्ट होण्यासारखे आहे.

अल्पाक्षरी शब्दांच्या बाबतीत पहिली अडचण संख्येची आहे. एक व्यंजन आणि एक स्वर मिळून होणारी अक्षरे कोणत्याही भाषेत मर्यादितच असतात. त्यामुळे जगातील कोणत्याही दोन भाषा शेजारी ठेवल्या तरी त्यांत काही एकाक्षरी शब्द तंतोतंत जुळणारच. अर्थही जुळला तर मात्र पुरावा भक्कम झाला, असे वाटू लागते. तेही खरे नाही. मराठीत ‘तू येतोस का?’ असे विचारतात आणि जपानीत ‘किमास का?’ असे विचारतात. दोन्ही ‘का’ उच्चाराने सारखे, दोन्ही वाक्याच्या अखेरीस येणारे, दोन्ही विधानाचे प्रश्नात रूपांतर करणारे. इतकेच नव्हे, तर जपानी ‘का’ दोन नामांच्या मध्ये आला म्हणजे ‘किंवा’ असा अर्थ देतो आणि ज्ञानेश्वरीतील ‘कां’ देखील दृष्टान्तांच्या मालिकेत ‘अथवा’ याच अर्थाने वारंवार येतो. ध्वनी, स्थान, मुख्य अर्थ आणि गौण अर्थ अशा चारही बाबतींत साम्य असूनही या दोन शब्दांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. मराठी ‘का’ प्राचीन भारोपीय प्रश्नवाचक मूळापासून आलेला आहे. जपानी त्या कुळातील भाषा नाही, आणि हा शब्द एकीने दुसरीकडून घ्यावा असा संपर्कही दोघींत घडलेला नाही.

मग अर्थांचे हे दुहेरी साम्य आले कोठून? प्रश्न आणि विकल्प या दोन व्यापारांत एक स्वाभाविक वाट आहे. जो प्रश्न विचारतो तो उत्तराच्या दोन शक्यता समोर मांडतो, ‘हा का? तो का?’ असे लागोपाठ विचारले म्हणजे ‘हा का तो’ ही रचना आपोआप तयार होते. परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांतही प्रश्नवाचक शब्द विकल्पवाचक बनतो तो यामुळे. म्हणजे साम्याच्या मागे एक कूळ, उसनवारी आणि निव्वळ योगायोग या तीन कारणांखेरीज चौथेही एक कारण असू शकते : दोन शब्द वेगवेगळ्या ठिकाणांहून निघाले तरी एकाच वळणाने चालले. ‘की’चा विचार करताना हे चौथे कारण ध्यानात ठेवावे लागते.

आता ‘की’कडे वळता येईल. मराठीच्या पारंपरिक व्याकरणांत हा शब्द उभयान्वयी अव्ययांच्या दोन घरांत राहतो. ‘चहा की कॉफी’ यातील ‘की’ विकल्पबोधक. ‘तो म्हणाला की मी येतो’ यातील ‘की’ स्वरूपबोधक. याखेरीज ‘येतो की!’, ‘आहे की!’ असा वाक्यान्ती निश्चय दाखवणारा तिसरा ‘की’ आहे. त्याला व्याकरणात पक्के घर मिळालेले नाही. बोलण्यात मात्र तो सर्वांत चैतन्यशील आहे.

शेजारच्या भाषांकडे पाहिले तर चित्र गुंतागुंतीचे होते. हिंदीत ऱ्हस्व ‘कि’ हे उभयान्वयी अव्यय आणि दीर्घ ‘की’ हा षष्ठीचा स्त्रीलिंगी प्रत्यय. पंजाबीत ‘कि’ म्हणजे ‘असे की’, आणि ‘की’ म्हणजे ‘काय’. बंगालीत ‘की’ म्हणजे ‘काय’, तर ‘कि’ हे होकार-नकाराच्या प्रश्नाचे चिन्ह. उच्चारात हा भेद फारसा उमटत नसल्यामुळे तो निदान लेखनात तरी पाळावा, असा आग्रह रवीन्द्रनाथांनी धरला होता. गुजरातीत ‘के’ हे एकच अव्यय ‘असे की’ आणि ‘किंवा’ ही दोन्ही कामे करते. यांपलीकडे फारसी ‘के’, इटालियन ‘के’, फ्रेंच, स्पॅनिश व पोर्तुगीज यांतील त्याच जातीची अव्यये. इटालियन माणूस ‘तो म्हणतो के…’ अशी सुरुवात करतो आणि इराणी माणूसही तेच करतो, हे प्रथम ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटते.

या विस्तृत पटावरील बहुतेक शब्द खरोखरच एका दूरच्या पूर्वजाचे वंशज आहेत. भारोपीय मूळभाषेतील ओष्ठ्य छटा असलेल्या ‘क्व’ या ध्वनीने सुरू होणारे प्रश्नवाचक मूळ संस्कृतात ‘कः, किम्’ झाले, लॅटिनमध्ये ‘क्विस, क्विद, क्वोद’ झाले आणि इराणी शाखेत ‘क-’ ने सुरू होणारी सर्वनामे झाली. मध्य-फारसीतील ‘असे की’ अर्थाचा ‘कू’ आणि ‘कोण, जो’ अर्थाचा ‘के’ यांचे व्यापार नव्या फारसीच्या ‘के’मध्ये एकवटले. तेव्हा नाते आहे. परंतु ते नाते सांगून मराठी ‘की’ची उपपत्ती लागली असे मात्र होत नाही. चुलत घराण्यातील दोन माणसे एकाच नावाची असली तरी घरात आलेला पाहुणा त्यांपैकी कोण, हे वेगळेच शोधावे लागते.

मराठीतील स्वरूपबोधक ‘की’ फारसी ‘के’पासून आला, असे मत सर्रास मांडले जाते आणि हिंदी ‘कि’च्या बाबतीत ते बहुमान्य आहे. त्याला अनुकूल गोष्टी उघड आहेत. फारसीत आशयवाक्य मुख्य क्रियापदानंतर येते आणि ‘के’ दोहोंच्या मध्ये उभा राहतो. मराठीतही ‘की’ने हेच होते. बहमनी काळापासून पुढे कित्येक शतके राजकारभाराची भाषा फारसी होती, आणि मराठी पत्रांच्या मायन्यांत ‘जाणावे’ या अर्थाचे ‘बिदानद’ हे फारसी रूप जसेच्या तसे येते. संपर्क होता, दाट होता आणि लेखनाच्या नेमक्या याच भागात होता.

प्रतिकूल गोष्टीही तितक्याच ठोस आहेत. पहिली कालक्रमाची. ज्ञानेश्वरीचा काळ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील पहिली स्वारी इ. स. १२९६ ची. ज्ञानेश्वरीत ‘कीं’ विपुल आहे. उपमेला उपमा जोडताना, वितर्क करताना, निश्चय दाखवताना तो सतत भेटतो. आज हाती असलेला पाठ एकनाथांच्या शके १५०६ मधील संशोधनातून आलेला आहे आणि राजवाड्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रतीच्या प्राचीनत्वाविषयीही वाद आहेत, हे मान्य केले पाहिजे. तरीदेखील ‘कीं’ हा त्या काव्याच्या दृष्टान्तरचनेत इतका खोल विणलेला आहे की तो मागाहून शिरला असे मानणे अशक्यप्राय आहे.

दुसरी गोष्ट अर्थाची. ज्ञानेश्वरीतील ‘कीं’चा प्रमुख अर्थ ‘अथवा’ हा आहे. फारसीत विकल्पासाठी नेहमीचा शब्द ‘या’ हा आहे, आणि हिंदी-उर्दूने तो उचललाही. ‘के’ हे तेथे विकल्पाचे रूढ साधन नव्हे. म्हणजे ‘चहा की कॉफी’ यातील ‘की’ फारसीतून येण्याचा मार्गच बंद आहे. संस्कृतात मात्र ‘किम्’ विकल्पाच्या रचनेत येतो, आणि ‘किंवा’ हा आजही वापरात असलेला तत्सम शब्द त्याचीच साक्ष देतो.

तिसरी गोष्ट लहान, पण लक्षणीय : अनुस्वार. जुन्या लेखनात हा शब्द ‘कीं’ असा येतो. हस्तलिखितांतील प्रत्येक अनुस्वार व्युत्पत्तीचा पुरावा मानता येत नाही. लेखनिकांचे हात त्याबाबतीत सढळ असत. परंतु येथे अनुस्वार ‘किम्’मधील अनुनासिकाशी नेमका जुळतो आणि फारसी ‘के’मध्ये त्याला काहीच आधार नाही. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि ‘कीं’चा ‘की’ झाला. चालू लेखनाच्या दृष्टीने ते योग्यच होते. मात्र जुन्या ग्रंथांच्या आवृत्त्यांना तोच नियम लावला जातो तेव्हा त्या ग्रंथांतील एक साक्षीदार नाहीसा होतो, आणि नव्या वाचकाच्या डोळ्यांपुढे जे उरते ते हिंदी ‘कि’सारखे दिसणारे अक्षर. ज्ञानेश्वरीचा हिंदी अनुवाद करणाऱ्याने ते ‘कि’ असे वाचले तर दुसरा दृष्टान्त पहिल्याच्या पोटातील गौणवाक्य होऊन बसेल. काव्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन प्रतिमा अनुवादात एकीखाली एक जातील.

यावरून ‘की’ सर्वस्वी देशी ठरतो काय? तसे म्हणणेही घाईचे होईल. शब्द देशी, पण त्याच्याकडे आलेले एक काम बाहेरच्या संगतीने आले, असे येथे दिसते. जुन्या मराठीत आशयवाक्य जोडण्याची साधने वेगळी होती. एक ‘ऐसें’; दुसरे ‘म्हणौनि’, आजचे ‘म्हणून’; तिसरे ‘जे’. लीळाचरित्रातील गद्यात तर ‘म्हणितलें’ एवढे सांगून बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे पुढे ठेवण्याचा प्रघात आहे. त्याला दुव्याची गरजच पडत नाही. यांपैकी ‘जे’ संस्कृत ‘यद्’च्या घराण्यातला. बंगालीत, असमियात आणि ओडियात आशयवाक्य जोडणारा शब्द आजही हाच आहे. एका काळी मराठीही त्याच वाटेवर होती, हे शिवकालीन पत्रांतील ‘विनंती ऐसीजे’ या मायन्यावरून दिसते. तेथे ‘ऐसी’ने जागा दाखवली आहे आणि ‘जे’ने पुढचे वाक्य उघडले आहे. आज तोच मायना लिहायचा झाल्यास ‘विनंती अशी की’ असे लिहावे लागेल. ‘ऐसी’ राहिली, ‘जे’ गेला, आणि त्याच्या आसनावर ‘की’ बसला. आसन फारसीने आणलेले नव्हते, शब्दही फारसीने आणलेला नव्हता. त्या शब्दाला त्या आसनावर बसण्याची सवय मात्र फारसी लेखनाच्या सहवासात जडली, असे मानणे सर्वांत सयुक्तिक वाटते.

राजवाड्यांनी सतराव्या-अठराव्या शतकांतील पत्रे घेऊन त्यांत फारसी शब्द किती आणि मराठी किती, याची मोजणी केली होती. ती पद्धत आजही अनुसरली जाते. ‘दिवाण’, ‘जमाबंदी’, ‘फर्मान’ हे कोणत्या रकान्यात घालावेत याबद्दल शंका नाही. परंतु ‘की’ कोणत्या रकान्यात घालणार? रूप पाहिले तर मराठीच्या, वाक्यातील काम पाहिले तर निदान अर्धा फारसीच्या. शब्दांची मोजणी वाक्यरचनेच्या प्रभावाचे माप होऊ शकत नाही, ही त्या पद्धतीची मर्यादा याच अक्षराने उघडी पडते.

‘म्हणून’ची कथा याहून वेगळ्या दिशेने जाते. ‘बोलणे’ अर्थाच्या धातूचे पूर्वकालवाचक रूप आशयवाक्याच्या अखेरीस ठेवणे ही रचना कन्नडमध्ये ‘एन्दु’, तेलुगूत ‘अनि’, तमिळमध्ये ‘एन्रु’ अशी आढळते. बंगाली ‘बोले’, असमिया ‘बुलि’, ओडिया ‘बोलि’, नेपाळी ‘भनेर’ ही रूपेही त्याच घडणीची. येथे ध्वनींचे साम्य जवळजवळ नाही. साम्य आहे ते वाक्याच्या बांधणीचे. एमेनो यांनी १९५६ साली ‘भाषिक क्षेत्र’ म्हणून भारताची जी कल्पना मांडली तिच्या समर्थनासाठी पुढे ज्या रचनांचा दाखला दिला जाऊ लागला, त्यांत ही एक आहे. हैदराबादच्या दखनीत ‘बोलके’ हे रूप याच कामासाठी येते. त्यातील शब्द हिंदी कुळातला, घडण तेलुगूची. सारख्या दिसणाऱ्या शब्दांमागे धावणाऱ्या अभ्यासकाला ‘म्हणून’ आणि ‘अनि’ यांचे नाते कधीच दिसणार नाही, कारण ते दिसण्यात नाहीच.

आजच्या मराठी गद्यात ‘मी येतो असे तो म्हणाला’ आणि ‘तो म्हणाला की मी येतो’ या दोन्ही रचना नांदतात, आणि ‘तो असे म्हणाला की मी येतो’ या तिसरीत दोन्ही पद्धती एकत्र आल्या आहेत. लेखकागणिक यांचे प्रमाण बदलते. पहिल्या रचनेत वाचकाला बोलणाऱ्याचे शब्द आधी ऐकू येतात आणि बोलणारा कोण हे नंतर कळते. दुसरीत क्रम उलटा. निवेदनाच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नाही. इंग्रजीत अनुवाद करताना दोन्ही रचनांना एकच साचा मिळतो, हे अपरिहार्य असेल. पण मराठीतून गुजरातीत किंवा कन्नडमध्ये जाताना तो भेद राखता येतो, आणि तो राखला जात नाही तेव्हा दोष भाषेचा नसतो.

गोव्याच्या संदर्भात आणखी एका समजुतीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पोर्तुगीज ‘के’चा बोलण्यातील उच्चार ‘की’च्या अगदी जवळ जातो, त्याचा व्यापारही तोच, आणि राशोलच्या मुद्रणालयातून १६४० साली निघालेले थॉमस स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण पोर्तुगीजमध्येच लिहिलेले होते. तेव्हा त्या किनाऱ्यावरील ‘की’ पोर्तुगीजांनी दिला, असे सुचवण्याचा मोह होतो. पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो १५१० साली. त्याआधी दोनशेहून अधिक वर्षे हा शब्द मराठी ग्रंथांत सुस्थिर होता. पोर्तुगीज सत्तेने कोकणीच्या शब्दसंग्रहावर आणि गद्याच्या वळणावर खोल परिणाम केला हे खरे, परंतु हा शब्द तिच्या नावावर मांडता येत नाही.

‘च’चे प्रकरण वरवर पाहता सरळ आहे. संस्कृत ‘च’ आणि मराठी ‘च’ एकाच लिपीत, एकाच आकारात, दोन्ही शब्दाच्या मागे चिकटून येणारे. पण संस्कृत ‘च’ म्हणजे ‘आणि’. लॅटिन ‘-क्वे’ आणि ग्रीक ‘ते’ हे त्याचे सख्खे भाऊ. मराठी ‘च’ म्हणजे ‘केवळ हाच, दुसरा नव्हे’. हेमचंद्राने प्राकृतातील अवधारणवाचक शब्द सांगताना ‘चेअ’, ‘चिअ’, ‘च्च’ यांचा निर्देश केला आहे. महाराष्ट्री प्राकृतातील गाथांत ‘च्चेअ’, ‘च्चिअ’ ही रूपे ठिकठिकाणी येतात, आणि जुन्या मराठीतील ‘चि’ हा त्यांच्याच पुढचा टप्पा. मागे जाता जाता हा धागा ‘चैव’पर्यंत, म्हणजे ‘च’ अधिक ‘एव’ इथपर्यंत पोहोचतो. मराठी ‘च’चे शरीर संस्कृत ‘च’चे आहे आणि अर्थ ‘एव’चा, ज्या अक्षरांनी तो अर्थ आणला ती मात्र झिजून गेली. मराठीतून हा ‘च’ दखनीत गेला आणि ‘मैंच’, ‘वोच’ अशी रूपे तिथल्या बोलण्यात रुळली; मुंबईच्या हिंदीतील ‘ऐसाइच’ हेही त्याचेच अपत्य.

मराठी ‘च’चे काम हिंदीत ‘ही’ करते, आणि येथे अनुवादकाचा पाय हमखास घसरतो. हिंदी ‘मैं ही जाऊँगा’ म्हणजे ‘मीच जाईन’. मराठी ‘मीही जाईन’ म्हणजे ‘मैं भी जाऊँगा’. लिपी एक, अक्षर एक, स्थान एक. एक ‘ही’ इतर सर्वांना बाहेर काढतो, दुसरा इतरांच्या रांगेत नेऊन उभा करतो. कथेतील एखादे पात्र ‘मीही दोषी आहे’ असे म्हणत असताना अनुवादात ते ‘मैं ही दोषी हूँ’ असे म्हणू लागले, तर त्याचा अपराधभाव वाटून घेतलेला न राहता एकट्याचा होतो. नामाचा अनुवाद चुकला तर तो चटकन लक्षात येतो. अशी चूक मात्र वाचकाच्या नजरेतून सहज सुटते, कारण चुकीचे वाक्यही व्याकरणशुद्ध आणि अर्थपूर्णच असते. बंगालीतून मराठीत येतानाही असाच धोका आहे. ‘तुमि कि आशबे’ याचे मराठी ‘तू येणार का?’ असे होते. ‘कि’च्या मोहाने ‘तू येणार की’ असे लिहिले तर प्रश्नाचे ठाम आश्वासन होते.

‘पण’विषयी थोडक्यात सांगता येईल. मराठीत तीन ‘पण’ आहेत. पैज किंवा प्रतिज्ञा या अर्थाचा ‘पण’ तत्सम, ‘मोठेपण’, ‘बालपण’ यांतील ‘पण’ हा वैदिक ‘-त्वन’ या प्रत्ययाचा प्राकृत-अपभ्रंशातून झालेला अवशेष, हिंदी ‘बचपन’मधील ‘पन’चा भाऊ, आणि ‘परंतु’ अर्थाचा ‘पण’ हा ‘पुनः’चा वंशज. शेवटचा ‘पण’ गुजरातीतही आहे, आणि मराठीप्रमाणेच तेथेही तो ‘परंतु’ व ‘सुद्धा’ अशा दोन्ही अर्थांनी येतो. ‘पुन्हा’मधून ‘आणखी’ आणि ‘आणखी’मधून ‘उलटपक्षी’ असा अर्थाचा प्रवास असल्याने हे दोन अर्थ परस्परविरोधी वाटले तरी एकाच बुंध्याचे आहेत.

आणि ‘व’. याचे संस्कृत ‘वा’शी असलेले साम्य फसवे आहे, ‘वा’ म्हणजे ‘किंवा’, तर ‘व’ म्हणजे ‘आणि’. हा ‘व’ अरबी ‘व’ असून फारसीच्या द्वारे मराठीत आला. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्याचा रोख पदे, शस्त्रे, वस्तू, कार्यालये यांच्या नावांवर होता. अमात्य आणि सचिव आले, मुजुमदार आणि सुरनीस मागे पडले. ‘व’ला पर्याय देण्याची गरज कोणाला भासली नाही, आणि संस्कृतप्रचुर परिभाषेत लिहिलेल्या आजच्या शासकीय परिपत्रकांतही दोन तत्सम शब्द जोडायला बहुधा तोच येतो.